बाळाबाईचा दावा, गणपतरावांच्या तारखा

कोर्टाची तारीख असली, की मंगळवार पेठेतल्या गणपतरावांच्या घरी सकाळपासून लगीनघाई असे. काळा कोट दोरीवर टाकून झटकला जाई. त्यांची बायको अंबूबाई वहाणांना तेल चोळून ठेवी. फेटा मात्र गणपतराव स्वतः बांधत आणि शेमला मनासारखा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडत. मग उंबऱ्यात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "तारीख हाय आज. कोर्टात निघालोय." गल्लीला ते ठाऊकच असे. महिना-दोन महिन्यांनी गल्ली हेच ऐकत आली होती.

दावा त्यांचा नव्हता. त्यांच्या पुतणीचा, बाळाबाईचा होता. तिला नवऱ्यापासून कायमची मोकळीक हवी होती. पण तारखेच्या दिवशी ती गोठ्यात म्हशीखाली चरवी धरून बसलेली असे. तिच्या दाव्याला तिनं हजर राहायची गरज नसते, असं चुलत्यानं तिला पहिल्याच तारखेला सांगून टाकलं होतं.

"बायामाणसांनी कोर्टाची पायरी चढू न्हाय," ते म्हणत. "आमी हाय की."

धार काढता काढता बाळाबाई त्यांच्या पायांकडे बघे. तेल पाजलेल्या वहाणा, परीटघडीचं धोतर. हे पाय कोर्टात जातात आणि परत येतात, यापलीकडे त्यांना काही काम येत नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

बाळाबाईचे आईबाप ती लहान असतानाच गेले. चुलत्यानं तिला वाढवलं असं गणपतराव चारचौघांत सांगत. खरं म्हणजे ती आपली आपण वाढली आणि चुलत्यानं ते पाहिलं. शेण-घाण, वैरण-पाणी आणि धारा ही कामं तिच्याकडे कधी आली हे कोणालाच आठवत नव्हतं. तिचा हात मात्र असा होता, की हट्टी म्हैससुद्धा तिच्या बोटांना पान्हा सोडी. शेजारच्या तालमीतली पोरं सकाळी दारात येऊन धारोष्ण दूध पीत आणि मिशीवरचा फेस पुसत म्हणत, "गणपतराव, दूध हाय तर तुमच्यातच." गणपतराव कमरेवर हात ठेवून ही तारीफ स्वीकारत. त्यांनी जन्मात कधी म्हशीच्या सडाला हात लावला नव्हता.

तिचं लग्न राधानगरीकडच्या एका गावात झालं, पिराजीशी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण पिराजीनं लग्नाआधीपासूनच मळ्यातल्या खोपटात एक बाई ठेवली होती. गावाला हे माहीत होतं, सोयरीक जुळवणाऱ्यांना माहीत होतं, आणि गणपतरावांनाही माहीत असावं. बाळाबाईला ते हळद उतरायच्या आत कळलं. तिनं दोन पावसाळे काढले. ती घरात भाकऱ्या थापायची आणि नवरा त्या खोपटात नेऊन खायचा. एक दिवस तिनं त्याला सरळ विचारलं. पिराजी खोटं बोलणारा माणूस नव्हता, तेवढी अक्कलच त्याला नव्हती.

"मला ती पाहिजे," तो म्हणाला. "तू ऱ्हा की. तुला कोण नगं म्हणतंय?"

बाळाबाई त्याच आठवड्यात लुगड्यांचं गाठोडं घेऊन कोल्हापूरला परत आली. तिला न्यायला कोणी आलं नाही.

अशा वेळी काय करायचं, हे जातीत पूर्वापार ठरलेलं होतं. दोन्हीकडचे पंच बसत, नवरा सगळ्यांसमोर एक काडी मोडे, दोघं एकमेकांना मोकळी होत, आणि पान खाऊन मंडळी आपापल्या घरी जात. याला काडीमोड म्हणत. त्यानंतर बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला कोणाची आडकाठी नसे. सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाआधी उरकण्यासारखं काम. पण त्याच सुमारास गणपतरावांनी थोरल्या मुलाला एका इनामदार घराण्यातली मुलगी केली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात 'आमचं घराणं' हा शब्द आला होता.

"काडीमोड?" ते पंचांना म्हणाले. "आमच्यात ती रीत न्हाय."

पंच एकमेकांकडे बघत राहिले. गणपतरावांच्या सख्ख्या आत्याची काडीमोड याच गल्लीत, याच ओट्यावर झाली होती. पुढं तिचा पाट लागला तेव्हा गणपतराव दहा-बारा वर्षांचे होते आणि बुंदी खाऊन आजारी पडले होते. सगळ्या गल्लीला हे आठवत होतं. विसरले होते ते एकटे गणपतराव.

तिकडे पिराजीचा थोरला भाऊ बाळासो गावच्या सोसायटीचा चेअरमन झाला होता. त्यालाही आपल्या घरची सून काडी मोडून गेली असं व्हायला नको होतं. अशा रीतीनं नवऱ्याला बायको नको होती, बायकोला नवरा नको होता, आणि दोन फेट्यांना मात्र हे लग्न टिकायला हवं होतं.

एवढ्यात कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि मुंबईचा घटस्फोटाचा कायदा इकडे लागू झाला. गणपतरावांना तो शब्द पसंत पडला. काडीमोड कोणीही करतं, घटस्फोटाला कोर्ट लागतं, वकील लागतो. ते माधवराव वकिलांकडे गेले. माधवराव सालस आणि थकलेले गृहस्थ होते. ऐकून घेऊन ते म्हणाले, "नवऱ्यानं सलग चार वर्षं टाकलेलं असलं पाहिजे. तोवर थांबा."

गणपतराव आनंदानं थांबले. त्यांच्या म्हशींच्या धारा निघत होत्या.

बाळाबाईला मात्र थांबणं जड जाऊ लागलं ते ज्ञानूमुळे. ज्ञानू तिच्या मावशीच्या नात्यातला, इचलकरंजीत मागाच्या शेडात मागांची देखभाल करणारा जॉबर होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि एक लहान मुलगी मागं राहिली होती. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला कमी आणि मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. एकदा तो काही निरोप घेऊन आला, ओट्यावर दूध प्याला, आणि जाताना गोठ्याच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू सुटलीस की मला सांग. पाट लावू."

बाळाबाईनं म्हशीच्या पोटाला डोकं टेकून ठेवलं होतं, त्यामुळे तिचं तोंड दिसलं नाही. "थांबशील?" तिनं विचारलं.

"थांबतो की. पर जास्त न्हाय. पोरगी ल्हान हाय, आई म्हातारी हाय."

एक नवरा जिवंत असताना, कोर्टानं किंवा काडीमोडीनं सुटल्याशिवाय, दुसरा करणं आता गुन्हा होता. तेव्हा तिला आधी मोकळं व्हायला हवं होतं, आणि ज्ञानूच्या आईनं दुसरी मुलगी बघायच्या आत व्हायला हवं होतं. एवढीच तिची गरज होती.

चार वर्षं भरत आली असतील. एके दिवशी बाळासो बैलगाडीतून दारात उतरला. घरात जावई आल्यासारखी गणपतरावांनी त्याची सरबराई केली. पिराजी मागं कधी टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्याच्या आईनं जोतिबाला नवस बोलला होता, की पोरगा उठला तर जोडीनं डोंगरावर आणीन, जोडीनं गुलाल वाहीन. नवस फिटला नव्हता. म्हातारी आता सारखी आजारी पडत होती आणि तिला वाटे देव तगादा लावतोय. खोपटातल्या बाईला देवापुढं उभं करता येत नव्हतं. तिथं हळदीची बायकोच लागते.

"तेवढ्यापुरती पाठवा," बाळासो म्हणाला. "देवाचं काम हाय. तुमचं तालेवार घराणं. देवाला न्हाय म्हननारी मानसं न्हवं तुमी."

'घराणं' ऐकताच गणपतराव विरघळले. बाळाबाई आतून म्हणाली, "तात्या, मी जानार न्हाय. वकिलाला तरी इचारा."

"देवाच्या कामात वकील कशाला?" गणपतराव म्हणाले. "खानदानी मानसं अशी बोलत न्हाईत."

ती गेली. डोंगरावर पिराजीच्या शेजारी उभं राहून तिनं गुलाल उधळला, दोघांच्या पदराला गाठ मारली होती. रिवाजाप्रमाणं जोडीनं घरचा उंबरा ओलांडावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी बकऱ्याचं जेवण होईपर्यंत तिथंच राहावं लागलं. ती सासूजवळ झोपली. पिराजी जेवण संपताच खोपटात गेला. गणपतराव यात्रेच्या पंगतीत पहिल्या पानावर होते. बाळासोनं त्यांना मानाचा फेटा बांधला, आणि तो फेटा बघून गणपतराव परत येईपर्यंत गाडीत एकटेच हसत होते.

पुढच्या वर्षी दावा दाखल झाला. त्यानंतर जे सुरू झालं त्याला गणपतराव 'केस चालू हाय' असं म्हणत. ती कशी चालत होती हे बाळाबाईला तुकड्यातुकड्यानं कळे. आधी पिराजीला समन्सच लागेना. कोर्टाचा बेलीफ गावाला जाई, बाळासो त्याला वाड्यावर कोंबडी खाऊ घाली, आणि बेलीफ ढेकर देऊन लिहून आणी, की इसम गावी नाही. इसम तेव्हा पलीकडच्या बांधावर नांगर धरून असे. समन्स लागलं तेव्हा समोरचा वकील आजारी पडला. तो बरा झाला तेव्हा मे महिन्याची सुट्टी लागली. मग न्यायाधीश साहेबांची बदली झाली, आणि नवे साहेब म्हणाले की मला सगळं पहिल्यापासून वाचावं लागेल. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून भटजी आणायचे ठरलं. भटजी कधीच वारले होते, हे शोधून काढायला एक उन्हाळा गेला. त्यांच्या जागी वाजंत्र्याला साक्षीला बोलावलं. त्याला तारखेच्या दिवशी दुसऱ्या लग्नाची सुपारी होती.

गणपतराव प्रत्येक वेळी संध्याकाळी परत येत, फेटा खुंटीला लावत आणि ओट्यावर बसून म्हणत, "आज लै जोरात झालं."

"काय झालं?" बाळाबाई विचारी.

"फुडची तारीख पडली."

ज्ञानू दिवाळीला येऊन विचारून जाई. हळूहळू त्याचं विचारणं कमी होत गेलं आणि दूध पिऊन नुसतं बघत बसणं वाढलं.

शेवटी कोर्टानं बाळाबाईची जबानी घ्यायचं ठरवलं. आता तिला पायरी चढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती इरकली लुगडं नेसून चुलत्यामागं गेली. माधवरावांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं नीट सांगितलं. मग समोरचा वकील उठला. तो घाईत नव्हता.

"जोतिबाला नवऱ्याबरोबर गेला होतात?"

"गेलते. नवस हुता."

"दोघांच्या पदराला गाठ होती?"

"व्हती."

"मग नवऱ्याच्या घरी मुक्काम केलात?"

"केला. देवाचं जेवान हुतं."

"बस्स," वकील म्हणाला आणि खाली बसला.

माधवराव वकिलांनी गणपतरावांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर बाळाबाईनं पुढं कित्येक वर्षं लक्षात ठेवली. साहेबांनी आणखी साक्षीसाठी पुढची तारीख दिली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर माधवराव म्हणाले, "गणपतराव, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

"त्यात काय सांगायचं? देवाचं हुतं."

"ती नवऱ्याच्या घरी पुन्हा नांदायला गेली होती, असं ते म्हणणार. साहेबांना पटलं, तर चार वर्षं त्या दिवसापासून नव्यानं मोजायची."

गणपतरावांनी फेट्याचा शेमला सारखा केला. "मोजू की," ते म्हणाले, आणि पान खायला गेटाबाहेर गेले.

बाळाबाई आवारातल्या चिंचेखाली जाऊन बसली. थोड्या वेळानं पिराजी तिथं आला आणि हातभर अंतर ठेवून टेकला. त्याचा सदरा नवा होता, बहुधा भावानं दिलेला. दोघं एसटीची वाट बघणाऱ्या उतारूंसारखी काही वेळ बसून राहिली.

"म्हस व्याली का तुमची?" पिराजीनं विचारलं.

"व्याली. तुमची पोरं कशी हाईत?"

"तिसरं झालं. पोरगीच." त्यानं मान खाजवली. "कवा संपायचं गं ह्ये? भात कापायचं सोडून आलोय मी."

"मला काय इचारताय? तुमच्या भावाला इचारा."

"त्येला म्हटलं म्या, की साहेबास्नी सांगतो, सोडा हिला म्हणून. तर म्हनला, गप बस, इज्जतीचं हाय."

माधवराव तिथूनच चालले होते. पिराजीनं त्यांनाच हाक मारली. "ओ वकीलसाहेब, मी कबूल झालो तर?"

"नका होऊ," माधवराव म्हणाले. "तुम्ही राजीखुशीनं कबूल झालात तर साहेबांना वाटेल, नवरा-बायकोनं संगनमत केलंय. अर्जच फेटाळतील."

"म्हंजे मला सोडायची हाय, हिला सुटायचं हाय, आन् त्यापायी आमी भांडायचं?"

"कोर्टात, हो."

पिराजीनं बाळाबाईकडे पाहिलं. "ह्येच्यापेक्षा ढोरं बरी गं," तो म्हणाला, आणि उठून भाताला जायला निघाला.

बाळाबाईनं माधवरावांना थांबवलं. इतकी वर्षं चुलत्याच्या तोंडून ऐकलेलं तिला एकदा दुसऱ्याकडून ऐकायचं होतं. "वकीलसाहेब, ते लोक अजून किती दिस लांबिवणार?"

माधवरावांना तिची कीव आली असावी, किंवा उन्हामुळे ते वैतागले असावेत. "बाई, ते लांबवत होते हे खरं. पण गेल्या काही तारखा आपल्याच बाजूनं मागितल्या आहेत. तुम्ही आजारी असता, असं गणपतराव सांगतात."

"मी?"

"गेल्या पावसाळ्यात तुम्हाला हिवताप होता. त्याआधी कंबर धरली होती. श्रावणात तर उठवत नव्हतं म्हणाले."

श्रावणात थोरली म्हैस व्याली होती. पहिले पंधरा दिवस ती बाळाबाईखेरीज कोणाला जवळ येऊ देत नव्हती. हिवतापाच्या वेळी दुसरी म्हैस आटत आली होती आणि तिला चुचकारून धार काढावी लागे. बाळाबाईनं मनातल्या मनात आपली सगळी दुखणी आठवून बघितली. त्यातलं एकही तिचं नव्हतं. सगळी म्हशींची होती.

ती उठली. चुलत्याच्या मागून घरी आली, लुगडं बदललं आणि धारा काढल्या. मनातली उरलीसुरली चलबिचल ज्ञानूनं मिटवली. त्या आठवड्याच्या सुटीला तो आला आणि दूध घेतलं नाही.

"आईनं पोरगी बघितलीया," तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "शिरोळची. अक्षय तृतीयेला कर म्हनतीया."

"तू काय म्हनलास?"

"म्या म्हटलं, एकदा इचारून येतो."

"अक्षय तृतीयेपतोर थांब."

"कोर्ट सोडील तवर?"

"कोर्टाचं नाव घेऊ नगंस," बाळाबाई म्हणाली. "मी येतो म्हनलं की येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीतली पोरं नेहमीप्रमाणे तांबे घेऊन दारात जमली. गोठ्यात म्हशी रेकत होत्या. बाळाबाई आंघोळ करून, केस विंचरून ओट्यावर मांडी घालून बसली होती.

"अगं, धारा?" अंबूबाई म्हणाली.

"मी आजारी हाय. हिवताप हाय मला, कंबर बी धरलीया. तात्यास्नी इचारा, त्यास्नी ठावं हाय."

गणपतराव बाहेर आले. त्यांनी आधी दरडावून पाहिलं, मग घराण्याची आठवण दिली, मग पोरं बघतायत म्हणून हळू आवाजात समजावलं. बाळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "पंच बोलवा," ती म्हणाली. "काडी मोडा. तवर मी काय बरी हुत न्हाय."

अंबूबाई चरवी घेऊन गेली. थोरल्या म्हशीनं तिला सड धरू दिले, पण पान्हा चोरला. चरवीच्या तळाला दूध लागलं नाही. संध्याकाळपर्यंत म्हशींच्या कासा दगडासारख्या झाल्या. शेजारच्या गवळ्यानं येऊन सांगितलं की कास सुजली तर म्हैस गेली म्हणून समजा. आणि जाता जाता उपायही सांगून गेला. धार काढणाऱ्या बाईचं लुगडं अंगावर घेतलं, की तिच्या वासानं म्हैस फसते. अंबूबाईनं कानांवर हात ठेवले. म्हशीनं तिला दुपारी एकदा भिंतीला दाबलं होतं. मुलं आणि सून इनामदारांकडे लग्नाला गेली होती. घरात उरले गणपतराव.

त्यांनी दार लावून घ्यायचा हुकूम दिला. पण मंगळवार पेठेत गोठ्याला दार असलं तरी भिंतीला भोकं असतात. तालमीतली पोरं त्या भोकांशी गर्दी करून उभी राहिली. गणपतरावांनी डोक्यावरून बाळाबाईचं जुनं हिरवं लुगडं घेतलं, पदर तोंडापुढं ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हशीखाली उकिडवे बसले. म्हशीनं वास घेतला. थोडा वेळ ती विचारात पडल्यासारखी दिसली.

"पदर सावरा, आत्याबाई," भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणालं.

गणपतरावांनी मान वळवली आणि त्यांचा हात जोरात ओढला गेला. म्हशीनं लाथ घातली. चरवी एकीकडे गेली, गणपतराव शेणात गेले, आणि लुगडं त्यांच्या पायांत असं गुंडाळलं गेलं, की अंबूबाईला आत जाऊन त्यांना सोडवावं लागलं. बाहेर पोरं भिंतीला टेकून खाली बसली होती, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं.

बाळाबाई ओट्यावरून हलली नाही. "बोलावताय न्हवं पंच?" तिनं विचारलं.

"बोलिवतो," गणपतराव आतून म्हणाले.

"देवळात जाऊन सांगा."

गणपतरावांनी अंग धुतलं, देवळात जाऊन कबूल केलं. मगच ती उठली आणि म्हशींना मोकळं केलं. म्हशींवर तिचा राग नव्हता.

मंडळी भोगावतीच्या काठी एका देवळाच्या पारावर जमली, कारण गणपतराव बाळासोच्या गावात पाय ठेवायला तयार नव्हते आणि बाळासो कोल्हापुरात यायला तयार नव्हता. पिराजी तर उन्हं वर यायच्या आत येऊन बसला होता. सुपारी फुटली, पंच बोलले, कडब्याची काडी आणली. आणि तिथं दोन्ही फेट्यांचं जुंपलं. बाळासो म्हणाला की आमचा पोरगा हिला सोडतो, तेव्हा काडी आम्ही मोडणार. गणपतराव म्हणाले की तसं झालं तर आमची पोरगी टाकलेली ठरते, तेव्हा आमच्या हातात एक टोक पाहिजे. बाळासो म्हणाला की टोक दिलं तर तुम्ही सोडलं असं होतं. पंचांनी तोड काढायला म्हणून पान मागवलं. जेवणं झाली. उन्हं कलली. एक पंच म्हणाला की हे आज मिटायचं नाही, पुढच्या अमावास्येला पुन्हा बसू.

'पुढच्या' हा शब्द बाळाबाईनं ऐकला. ती बायकांतून उठली, सरळ पारावर आली, आणि पंचांच्या पुढ्यातली काडी उचलून तिनं कटकन मोडली. एक तुकडा तिनं पिराजीच्या हातात दिला, एक स्वतः ठेवला.

"बाईनं मोडायची न्हाय," म्हातारा पंच म्हणाला. "बाप्या मोडतो."

पिराजीनं हातातला तुकडा उलटा करून बघितला आणि पुन्हा एकदा मोडला. "म्या बी मोडली," तो म्हणाला. "झालं? जनावरांचं पानी ऱ्हायलंय माझं." तो काठी घेऊन निघाला. दहा-वीस पावलांवरून वळून त्यानं बाळाबाईला विचारलं, "जाशील न्हवं नीट?"

"जाईन," बाळाबाई म्हणाली.

अक्षय तृतीयेच्या आधी ती इचलकरंजीला गेली. शिफ्ट सुटायची वाट बघत शेडाच्या बाहेर उभी राहिली. ज्ञानू केसांत सगळा कापूस घेऊन बाहेर आला आणि तिला बघून थबकला.

"सुटलो," ती म्हणाली.

"मला वाटलं अजून दोन-चार तारखा जातील," ज्ञानू म्हणाला. मागांचा आवाज मागं पडला तरी तो ओरडूनच बोलत होता. "जेवलीस का?"

त्यांचा पाट साधाच लागला. गणपतराव आले नाहीत. पाटाला जायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

दाव्याचं काय झालं, हे बाळाबाईला बऱ्याच दिवसांनी कळलं. दावा काढून घ्यायला वकिलाला काडीमोडीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगायची गणपतरावांना लाज वाटत होती. बाळासोलाही तीच लाज वाटत होती. तेव्हा संपलेल्या लग्नाचा दावा पुढं चालू राहिला. दोघं प्रत्येक तारखेला फेटे बांधून कोर्टात येत. चिंचेखाली एकमेकांना तंबाखू देत आणि शिपायानं पुकारा केला, की लगबगीनं आत जाऊन दोन बाजूंना बसत. म्हशी गणपतरावांनी विकल्या होत्या. तारखा मात्र कोणाला विकता येत नव्हत्या.

बाळाबाईच्या मुलाच्या बारशाला अंबूबाई एकटीच आली. पाळण्याची दोरी धरून ती हळूच म्हणाली, "तुझा निकाल लागला गं बाई. अर्जदार हजरच ऱ्हात न्हाय म्हनून फेटाळला."

"तात्या काय म्हनले?"

"ते सांगत्यात गल्लीत, लै जोरात झालं म्हनून. पर घरात नुसतं बसून असत्यात. आता तारीख न्हाय, काय न्हाय. जेवान बी जात न्हाय त्यास्नी."

बाळाबाईनं पोराचं टोपडं सारखं केलं. "त्यास्नी म्हनावं अपील करा," ती म्हणाली. "बरं वाटंल."